कर्ज पैशांचे, इज्जतीचे नव्हे : धरण्यापासून वसुलीच्या फोनपर्यंत

गेल्या पावसाळ्यात रविवारच्या वंदनेनंतर आमच्या वस्तीतील एक ताई विहारात मागे थांबल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्यांनी मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवरून कर्ज घेतले होते. दोन हप्ते थकले आणि फोन सुरू झाले. सकाळी सहाला, रात्री अकराला, रोज नव्या नंबरवरून. आवाज ऐकू येऊ नये म्हणून त्या फोन तांदळाच्या डब्यात ठेवू लागल्या. मग त्या जिथे कामाला जातात तिथल्या मॅडमना ताईंचा फोटो गेला, खाली लिहिलेले 'चोर'. एकदा फोनवरच्या माणसाने वस्तीचे नाव विचारले, ते ऐकले आणि म्हणाला, "तुम्ही लोक असेच."

ताईंनी आमच्याकडे कर्जमाफी मागितली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "दादा, पैसे देणे आहे हे खरे. पण हे बोलणेही ऐकून घ्यावे लागते का?"

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. पण हे 'नाही' कोणी आपल्याला दान म्हणून दिलेले नाही. या देशात कर्जवसुली आणि अपमान ही जोडी फार जुनी आहे, आणि तिला जातीचा आधार आहे. ती जोडी जिथे जिथे तुटली तिथे माणसे एकत्र आली होती आणि अपमानालाच गुन्हा म्हणायला त्यांनी कायद्याला भाग पाडले होते. हा इतिहास माहीत नसला की फोनवर ओरडणारा माणूस सरकारी अधिकारी वाटतो. माहीत असला की तो कोणाचा वारसदार आहे ते कळते.

व्याजही वर्णाप्रमाणे

ज्या ग्रंथाचे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्याचा आठवा अध्याय उघडून पाहावा. तिथे कर्जाचे सविस्तर नियम आहेत. व्याजाचा महिन्याचा दर ब्राह्मणाला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. म्हणजे ज्याच्याकडे सर्वात कमी त्याच्याकडून सर्वात जास्त. फेडीचा नियमही तसाच. ऋणको सावकाराच्या बरोबरीचा किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनतीने फेड करावी. वरच्या जातीचा असेल तर त्याने सवडीने, हळूहळू द्यावे. एकाला सवलत, दुसऱ्याला वेठ.

त्याच अध्यायात वसुलीचे पाच मार्ग सांगितले आहेत. समजावणे, न्यायालयात जाणे, छळ म्हणजे कपट, 'आचरित' आणि शेवटी बळ. यातला 'आचरित' म्हणजे काय? टीकाकारांनी खुलासा केला आहे : ऋणकोची बायको, मुलगा, गुरे अडकवणे आणि त्याच्या दारात ठाण मांडणे. कर्ज घेतले एकाने, कोंडी साऱ्या घराची. ताईंच्या फोनमधले नंबर उचलून त्यांच्या मॅडमना मेसेज करणारे अ‍ॅप यापेक्षा वेगळे काय करते?

कोणी म्हणेल, पोथीत लिहिलेले सगळे व्यवहारात होत होते असे नाही. मान्य. दर गावागणिक वेगळे असतील. पण पोथी समाजाचा आदर्श सांगते, आणि त्या आदर्शात ऋणकोची किंमत त्याच्या जातीवरून ठरत होती. "तुम्ही लोक असेच" हे वाक्य तिथून आले आहे.

दारातले धरणे

मराठेशाहीच्या काळात वसुलीचे एक नावाजलेले हत्यार होते, धरणे. धनको किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात येऊन बसे. स्वतः खायचे नाही, घरातल्यांनाही खाऊ द्यायचे नाही. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांत या धरण्याचे वर्णन आहे. धरण्याला बसवायला ब्राह्मण मिळाला तर उत्तम, कारण तो दारात उपाशी मेला तर ब्रह्महत्येचे पाप घरमालकाच्या माथी. ऋणकोला भीती तलवारीची नव्हती, पापाची आणि लोकांच्या नजरेची होती. आजच्या भाषेत सांगायचे तर हा भाड्याने आणलेला वसुली एजंट होता, आणि त्याची ताकद त्याच्या जातीत होती.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने याची दखल घेतली. कलम ५०८ मध्ये, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणे हा गुन्हा ठरवला गेला. त्या कलमाखाली दिलेले पहिलेच उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचे आहे. पुढे आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३५४ मध्ये ही तरतूद कायम आहे. म्हणजे ऋणको खरोखर देणे लागत असला तरी त्याला कोणत्याही मार्गाने छळता येणार नाही, हे तत्त्व या देशाच्या फौजदारी कायद्यात दीडशेहून अधिक वर्षांपासून आहे.

पुढे 'धरणे' हा शब्द आपण आपल्याकडे ओढून घेतला. आज कलेक्टर कचेरीसमोर धरणे धरतात ते भूमिहीन आणि सफाई कामगार. दुबळ्याच्या दारात बसण्याचे हत्यार सत्तेच्या दारात बसण्याचे झाले. चळवळीची ही कमाई लहान नाही.

सुपे, १८७५

शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी शिकवतात. त्या ओळींत जे येत नाही ते पाहू.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला, शेतकऱ्याला उधार सहज मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूरपासून सुरुवात करून सारा वाढवला गेला. सावकाराने हात आखडला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत करणे भाग होते, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिले ते वाचता येत नसे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नेमके यावर बोट ठेवले. निरक्षर कुणबी, लिहिणारा भट-कुलकर्णी आणि कोर्टकचेरी यांची साखळी त्यांनी उघडी केली. कर्जाच्या प्रश्नाचे मूळ अक्षराच्या मक्तेदारीत आहे, हे ओळखले ते जोतिरावांनी.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने हुकूमनामा मिळवून ऋणकोचे घर पाडायला घेतले, आणि गाव बिथरले. सावकारांवर बहिष्कार पडला. न्हावी, परीट, पाणक्ये यांनी त्यांची कामे बंद केली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? रोखे, खतपत्रे, चोपड्या. ती हाती आली की जाळली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. चौकशी आयोगाच्या नोंदीनुसार माणसांवर हल्ले तुलनेने फार कमी झाले. रोष कागदावर होता.

या उठावाचे आम्ही आंधळे गुणगान करणार नाही. उठाव मुख्यतः जमीनधारक कुणब्यांचा होता. आपले बापजादे ज्या बंधनात होते ते बहुधा कागदावरही नव्हते. सालगडी म्हणून उचल घेतली की माणूसच गहाण पडे. आणि बहिष्काराचे जे हत्यार करड्यात सावकारावर चालले, तेच महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगाव आपल्या लोकांवर चालवले गेले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. गावातले सवर्ण आपल्या आर्थिक ताकदीचा आणि बहिष्काराचा वापर अस्पृश्यांना दाबण्यासाठी कसा करतात, हे तिच्या १९३० च्या अहवालात नोंदलेले आहे. हत्यार कोणाच्या हातात आहे हे विसरून चालत नाही.

तरीही १८७५ ने एक गोष्ट मिळवून दिली. १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला, आधी पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी. त्यात तीन गोष्टी होत्या. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करता येणार नाही. न्यायालयाने केवळ रोख्यावर विश्वास न ठेवता हिशोब मुळापासून तपासावा. आणि ऋणकोला दिलेल्या पैशाची पावती व हिशोबाचा उतारा मिळण्याचा हक्क. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वात मोलाची वाटते, कारण तोवर कागद फक्त सावकाराकडे असे. ताईंना आम्ही पहिले काम सांगितले ते हेच होते : कंपनीकडून खात्याचा उतारा मागा.

गिरणीचा दरवाजा

शेती सुटली, माणसे मुंबईला आली, गिरणीत आणि मुन्सिपालटीच्या झाडूखात्यात लागली. कर्ज बरोबर आलेच. पगाराच्या दिवशी पठाण सावकार काठी घेऊन फाटकाबाहेर उभा राही. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात हे देशभरातले चित्र नोंदवले. कामगार नेते ना. म. जोशी त्या आयोगात होते. आयोगाची शिफारस स्पष्ट होती : कामाच्या ठिकाणाला वेढा घालून वसुली करणे हा फौजदारी गुन्हा ठरवा. बंगालने १९३४ मध्ये तसा कायदा केला, मध्य प्रांताने १९३७ मध्ये कर्जदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. मुंबई प्रांताचा सावकारी कायदा १९४६ चा. त्यात परवाना, लेखी हिशोब आणि व्याजावर मर्यादा होतीच. शिवाय वसुलीसाठी ऋणकोचा छळ करणे हा स्वतंत्र गुन्हा होता. दमदाटी करणे, सतत मागे मागे फिरणे, घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळणे, हे सगळे छळात धरले गेले.

हे वर्णन पुन्हा वाचा. सतत मागे फिरणे, घराजवळ, कामाच्या जागी. दिवसाला तीस फोन आणि मालकिणीला मेसेज म्हणजे हेच नाही का? फाटक बदलले आहे. ते आता आपल्या खिशात असते.

सावकाराला लागू, कंपनीला नाही

१९४६ च्या कायद्याची जागा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने घेतली. छळाचा गुन्हा त्यातही आहे. पण एक मोठी फट आहे. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या या कायद्याच्या बाहेर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ च्या निकालात केरळ आणि गुजरातच्या कायद्यांबाबत सांगितले की अशा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, त्यांच्यावर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचे. गल्लीतल्या सावकाराने घराभोवती घिरट्या घातल्या तर सावकारी कायदा उभा राहतो. तेच कंपनीच्या माणसाने केले तर नियमावली उघडावी लागते.

नियम नाहीत असे नाही. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितले : शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, निनावी फोन, सतत फोन हे सगळे बंद, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन नाही. महिलांच्या गटकर्जासारख्या सूक्ष्मकर्जासाठी मार्च २०२२ च्या निर्देशांत वेळ आणखी कमी, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. वसुली आधी ठरलेल्या जागी. सलग दोनदा ऋणको तिथे आली नाही तरच घरी जायचे. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अ‍ॅपला आपल्या फोनमधली नंबरांची यादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावता येत नाही. एजंट नेमला तर तो संपर्क करण्याआधी त्याचे नाव ऋणकोला कळवावे लागते. आणि एजंटाने केलेल्या कृत्याची जबाबदारी कंपनीची.

नियम उत्तम, पण ते मोडणाऱ्या एजंटाला त्याची भीती वाटते का? अमेरिकेत १९७७ मध्ये संसदेनेच कायदा केला. तिथे ऋणकोने लेखी कळवले की त्रयस्थ वसुली एजन्सीला संपर्क थांबवावा लागतो. फक्त पुढची कायदेशीर कारवाई कळवता येते. आपल्याकडे असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. कर्नाटकने फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. पण नोंदणीकृत कंपन्यांना खऱ्या अर्थाने वेसण घालायची तर कायदा संसदेनेच केला पाहिजे. ही मागणी आपल्या पक्षांच्या आणि संघटनांच्या जाहीरनाम्यात आम्हाला दिसत नाही. ती असली पाहिजे.

"म्हणजे कर्ज बुडवायचे का?"

हा प्रश्न आम्हाला आमच्याच माणसांनी विचारला आहे, म्हणून उत्तर देतो. नाही. घेतलेले फेडायचे, जमत नसेल तर हप्ता कमी करून मागायचा, मुदत मागायची, आणि ती लेखी मागायची. आमचा वाद देण्याशी नाही, वसुलीच्या पद्धतीशी आहे. कंपनीला वसुलीचा हक्क आहे. त्यासाठी न्यायालय आहे.

आणि न्यायालयालाही मर्यादा आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात निकाल दिला की केवळ गरिबीमुळे फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात टाकणे घटनेच्या कलम २१ शी विसंगत आहे. न्यायाधीश जे करू शकत नाही, ते कॉल सेंटरमधला पोरगा "उद्या पोलीस येतील" म्हणून करू पाहतो.

बाबासाहेबांनी 'राज्य आणि अल्पसंख्याक'मध्ये १९४७ सालीच मांडले होते की उपाशी माणूस पोटासाठी आपले हक्क गहाण टाकतो. म्हणून आर्थिक सत्तेलाही घटनेची चौकट हवी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकीय समता आणि आर्थिक-सामाजिक विषमता यांच्यातल्या विसंगतीचा इशारा दिला. एक मत, एक मूल्य असलेली ताई आठ हजारांच्या कर्जासाठी फोन डब्यात लपवते, तेव्हा ती विसंगती डोळ्यांसमोर उभी राहते.

फोन थांबवायचा कसा

आम्ही विहारात करतो ते सांगतो.

पहिले, वही. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याचे नाव आणि वाक्य लिहा. मेसेज पुसू नका, शेजारीपाजारी गेलेले मेसेजही जमा करा.

दुसरे, कंपनी ओळखा. ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का पाहा. अ‍ॅप बनावट असेल तर पैसे देऊन सुटका होत नाही, मागणी वाढते. सायबर पोलिसांकडे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

तिसरे, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. खात्याचा उतारा आणि एजंटाचे नियुक्तिपत्र मागा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

चौथे, धमकी आली तर पोलीस ठाणे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ धमकीसाठी आहे. जातीवरून बोलले तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा, पण इथे सावध राहा. कलम ३(१)(र) आणि (स) ला अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' व्हावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात यावर बोट ठेवले. म्हणून फक्त आपणच ऐकलेला फोन पुरत नाही असा बचाव होणार. मेसेज गटात गेला का, मालकिणीला गेला का, त्याचा पुरावा यासाठी जपायचा.

पाचवे, न्यायालयाची खरी नोटीस आली तर ती डब्यात ठेवू नका. चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर वेगळे कायदे लागतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

सहावे, एकटे राहू नका. गटकर्जाची सारी युक्ती अशी आहे की एकीचा हप्ता थकला की बाकीच्या बायकांनीच तिच्या दारात बसावे. म्हणजे जुने धरणे, आणि धरणेकरीही आपल्याच. ज्या दिवशी तो गट थकलेल्या बाईच्या दारात न बसता तिच्या बाजूला बसेल, त्या दिवशी तोच गट संघटना होईल.

ताईंची तक्रार आम्ही तिघांनी मिळून लिहिली, वहीतली एकवीस पाने जोडून. सही त्यांनी स्वतः केली. फोन एका दिवसात थांबले नाहीत. आधी रात्रीचे थांबले, मग मालकिणीकडे जाणारे, आणि तिसऱ्या आठवड्यात कंपनीचे पत्र आले, हप्ता कमी करून. त्या आता हप्ता भरतात. फोन डब्याबाहेर असतो. आणि दर रविवारी वंदनेनंतर त्या मागे थांबतात, दुसऱ्या कोणाची तरी वही लिहून द्यायला.

जय भीम.